जुनं अलार्म पॅनल, सिमची डबी आणि नकली लँडलाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनल ठणठणीत आहे, सेन्सर चालू आहेत, सायरन कानठळ्या बसवतो. फक्त ज्या फोनच्या तारेवरून मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे घराघरांतल्या अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला, खबर जायची, ती तार बंद झाली आहे किंवा भरवशाची राहिलेली नाही. अशा पॅनलला मोबाइल नेटवर्कचा आधार द्यायचा तर लँडलाइन अजून जिवंत आहे असं आधी त्याला भासवावं लागतं. त्याबद्दल हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. फोनच्या वायरिंगची तोंडओळख तुम्हाला आहे असं गृहीत धरलं आहे.

लाइन आहे असं पॅनलला वाटायला नेमकं काय लागतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच काही. रिसीव्हर खाली असतो तेव्हा तारेवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. पॅनल ते मधूनमधून तपासतं आणि सापडले नाहीत की कीपॅडवर लाइन ट्रबल दाखवतं. पॅनलने लाइन उचलली की २० ते ४० मिलिअँपिअर करंट वाहायला हवा आणि पॅनलच्या टोकाशी व्होल्टेज दहाच्या आसपास उतरायला हवं. मग डायल टोन. उत्तर अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झचं मिश्रण असतो, युरोपात बहुतेक ठिकाणी नुसता ४२५ हर्ट्झ. काही पॅनलना कुठलाही सलग सूर चालतो, काहींना ठरलेलाच लागतो. पहिला आकडा डायल झाला की टोन थांबायला हवा आणि पलीकडून कोणीतरी फोन उचलायला हवा.

घंटीची भानगड बहुतेक वेळा लागत नाही, कारण अलार्म पॅनल फोन करतं, घेत नाही.

हे सगळं पुरवणाऱ्या पोर्टला एफएक्सएस म्हणतात. इंटरनेट फोनच्या अडॅप्टरला साधा फोन जोडायची जी जागा असते, तेच हे पोर्ट.

पॅनल फोनवरून बोलतं तरी काय?

बहुतेक पॅनल काँटॅक्ट आयडी नावाच्या पद्धतीने बोलतात. ॲडेम्को कंपनीची ही पद्धत पुढे या धंद्याचं मानक झाली. लाइनवर समांतर टेस्ट फोन लावून ऐकलंत तर क्रम सहज कळतो. आधी डायल टोन, मग भराभर आकडे, थोडी शांतता. पलीकडच्या रिसीव्हरने उचललं की तो दोन छोट्या शिट्ट्या देतो. पहिली १४०० हर्ट्झची, दुसरी २३०० हर्ट्झची, दोन्ही १०० मिलिसेकंदांच्या आणि मध्ये तेवढाच विराम. हा हँडशेक. तो ऐकला की पॅनल बटणफोनच्याच सुरांत १६ आकडे ओततं. प्रत्येक सूर ५० ते ६० मिलिसेकंदांचा आणि मध्ये तेवढीच फट, म्हणजे सगळा निरोप दोन सेकंदांच्या आत संपतो. शेवटी रिसीव्हर १४०० हर्ट्झचा एक लांब सूर देतो, निदान पाऊण सेकंदाचा. हा किसऑफ, म्हणजे पोच. पोच ऐकल्याशिवाय पॅनल लाइन सोडत नाही. सव्वा सेकंदात ती आली नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवतं, असं चार वेळा.

समजा आकडे आले २४६८ १८ ११३० ०१ ००५ ०. पहिले चार म्हणजे ग्राहकाचा खाते क्रमांक. १८ ही निरोपाच्या प्रकाराची खूण. ११३० मधला १ म्हणजे नवी घटना आणि १३० म्हणजे घरफोडी. पुढे ०१ हा विभाग, ००५ हा झोन, म्हणजे कुठल्या सेन्सरची जागा, आणि शेवटचं शून्य ही पडताळणी. पडताळणीचा हिशोब गमतीचा आहे: सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, शून्याला दहा मोजायचं, आणि बेरीज १५ च्या पटीत येईल असा शेवटचा आकडा निवडायचा. वरच्या निरोपात पंधरा आकड्यांची बेरीज ८० होते. ९० व्हायला दहा हवेत, आणि दहा म्हणजे शून्य. झोन पूर्ववत झाला की ११३० च्या जागी ३१३० येतं, बेरीज दोनने वाढते आणि शेवटचा आकडा ८ होतो.

ही पडताळणी फार कडक नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. चांगल्या तारेवर याने काही बिघडत नसे. मोबाइलच्या कॉलवर बिघडू शकतं, ते पुढे येतंच.

सिम घालून चालणारा टेबलावरचा फोन असतो, त्याचं पोर्ट पॅनलला जोडलं तर?

ही सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारी युक्ती. असल्या डब्यांना फिक्स्ड सेल्युलर टर्मिनल म्हणतात. त्या डायल टोन देतात, व्होल्टेज देतात, नंबर लावला की मोबाइल नेटवर्कवरून साधा व्हॉइस कॉल करतात. पॅनल खूश होतं, ट्रबलचा दिवा जातो. खरी गडबड कॉल लागल्यावर सुरू होते.

लँडलाइनच्या एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांनी, ६४ किलोबिटने जायचा. माणसाचं बोलणं असो की शिट्टी, जसंच्या तसं पोचायचं. मोबाइलमध्ये तोच आवाज १२-१३ किलोबिटमध्ये किंवा त्याहून कमीत कोंबला जातो, आणि कोंबणारं गणित माणसाच्या घशाचा अंदाज धरून बसवलेलं असतं. एकाच वेळी वाजणारे दोन शुद्ध सूर त्या घशातून निघत नाहीत. त्यात मोबाइल नेटवर्क आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतं. ५० मिलिसेकंदांच्या सुरातला एक तुकडा हरवला की ३० उरतात. बटणांचे सूर ओळखणाऱ्या यंत्रणेला सहसा ४० तरी सलग लागतात. तुकडा टोकाचा गेला तर आकडा गाळला जातो, मधला गेला तर काही रिसीव्हर एकाच आकड्याला दोनदा मोजतात. शिवाय कोणी बोलत नाही असं वाटलं की फोन प्रक्षेपण थांबवतो आणि पलीकडे नुसती बनावट खरखर ऐकू येते. पॅनलच्या दोन सुरांमधली फट नेमकी अशीच शांत असते.

मोबाइलवर आपण बटणं दाबतो तेव्हा चालतं ना, असं कोणी विचारेल. चालतं, कारण तिथे सूर हवेतून जातच नाही. ‘५ दाबलं’ असा निरोप जातो आणि सूर नेटवर्क आपल्या बाजूला वाजवतं. काही टर्मिनल पॅनलचे सूर ओळखून अशा निरोपांत बदलतात, पण मग प्रत्येक सुराची लांबी नेटवर्क ठरवतं, १६ आकडे रेंगाळतात आणि पॅनलची सव्वा सेकंदाची मुदत टळते.

पण मी जोडलं आणि टेस्ट सिग्नल गेला की!

जाईल. चांगली रेंज, मोकळं नेटवर्क, दुपारची वेळ असेल तर पहिल्या फटक्यात जाईल. चार प्रयत्नांची सोय असल्याने तिसऱ्या खेपेला गेलेलासुद्धा ‘गेला’ म्हणूनच दिसतो. मॉनिटरिंग सेंटरला विचारा की निरोप कितव्या प्रयत्नात आला आणि आधीच्यांचं काय झालं. निदान पंचवीसेक निरोप वेगवेगळ्या वेळी पाठवून बघितल्याशिवाय मी अशा जोडणीवर विश्वास ठेवणार नाही. सगळे नीट गेले तरी टॉवरची गर्दी किंवा सेटिंग उद्या बदलणार नाही याची हमी कोण देणार?

मग योग्य उपाय कोणता?

सूर नेऊ नका, निरोप न्या. ज्या कम्युनिकेटरमध्ये, म्हणजे पॅनलचा निरोप सेंटरला पोचवणाऱ्या सिमच्या डबीत, डायलर कॅप्चर असतं तो नेमकं हेच करतो. पॅनलला नकली लाइन देतो, नंबर ऐकून घेतो, आणि पुढे फोन लावतच नाही. स्वतःच सेंटर असल्याचं सोंग घेऊन हँडशेक देतो, १६ आकडे उतरवून घेतो, पडताळणीची बेरीज तपासतो आणि ते आकडे डेटा म्हणून मोबाइल इंटरनेटवरून सेंटरच्या रिसीव्हरला पाठवतो. सूर फक्त डबी आणि पॅनल यांच्यातल्या हातभर तारेवर वाजतात, तिथे ते बिघडायला काही कारणच नाही.

पुढच्या प्रवासासाठी कंपन्यांच्या आपापल्या पद्धती आहेत. सगळ्यांना खुली असलेली एक पद्धत डीसी-०९ नावाची आहे. तिच्यात काँटॅक्ट आयडीचे आकडे तसेच्या तसे पाकिटात भरले जातात, एईएस एन्क्रिप्शन लावता येतं आणि वेळेची नोंदही जाते. ही नोंद कामाची आहे, कारण मूळ काँटॅक्ट आयडीत वेळ नसते. लँडलाइनवर ती लागतही नसे, फोन आला तीच वेळ.

डबी घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुमचं पॅनल ज्या पद्धतीने बोलतं ती डबीला कळते का? काँटॅक्ट आयडी जवळपास सगळ्यांना कळतं, जुन्या पल्स पद्धती आणि मोडेमसारखी एसआयए पद्धत थोड्यांनाच. आणि डबी ज्या पद्धतीने पुढे बोलते ती तुमच्या सेंटरला चालते का? दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि डबी कपाटात पडून राहते.

पोच खरी असते का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि विक्रेत्याला विचारलात तर तो बहुधा चाचरेल.

लँडलाइनवर पोच सेंटरच्या रिसीव्हरकडून यायची. ती आली म्हणजे निरोप पोचला, विषय संपला. डायलर कॅप्चरमध्ये पोच डबी देते. ती कधी देते यावर सगळं अवलंबून आहे.

काही डब्या आकडे हातात पडले की लगेच पोच देतात आणि मग सेंटरला पाठवायच्या नादी लागतात. त्या क्षणी नेटवर्क नसेल तर? पॅनलच्या लेखी काम झालेलं असतं. ते पुन्हा प्रयत्न करणार नाही, कीपॅडवर काही दाखवणार नाही, दुसरा नंबरही लावणार नाही. निरोप डबीच्या रांगेत पडून राहतो. वीज जाऊन बॅटरीही संपली आणि रांग तात्पुरत्या मेमरीत असेल तर तोही गेला.

दुसऱ्या प्रकारच्या डब्या सेंटरकडून खरी पोच आल्यावरच पॅनलला सूर देतात. मुदत सव्वा सेकंदाची असल्याने नेटवर्क जलद हवं. फोर-जीवर हे सहसा जमतं, टू-जीच्या डेटावर ओढाताण होते. उशीर झाला तर पॅनल तोच निरोप पुन्हा म्हणतं. तो आधीचाच आहे हे शहाण्या डबीला ओळखता येतं, मग ती सेंटरला दुसरी प्रत न पाठवता फक्त पोच देते.

तिसरी चांगली सवय अशी की नेटवर्क नसेल तर डबीने डायल टोनच देऊ नये, किंवा तारेवरचं व्होल्टेजच काढून घ्यावं. म्हणजे पॅनल आपली नेहमीची बोंब मारतं आणि घरच्यांना कळतं. बऱ्याच डब्यांत ही सोय सेटिंगमध्ये असते आणि कारखान्यातून बंद येते. सेटिंग चाळताना आधी ती शोधा.

डबी लगेच पोच देणाऱ्यांपैकी असेल तर निदान तिचा ट्रबलचा रिले, म्हणजे बिघाड झाला की पलटणारा स्विच, पॅनलच्या एका मोकळ्या झोनला जोडा. डबी आंधळी झाली की पॅनलला काहीतरी दिसलं पाहिजे.

पॅनलच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काय बदलावं लागतं?

डायलिंग टोनवर ठेवा, पल्सवर नको, बहुतेक डब्या पल्स मोजत नाहीत. निरोपाची पद्धत काँटॅक्ट आयडी. बाहेरची लाइन घ्यायचा ९ किंवा कॉल वेटिंग बंद करायचा कोड नंबराआधी असेल तर काढून टाका. नंबर कुठला याने डबीला सहसा फरक पडत नाही, पण रिकामा सोडू नका, नाहीतर पॅनल फोनच लावणार नाही. काही डब्यांना ठरावीक लांबीचा नंबर लागतो, ते माहितीपुस्तकात असतं. खाते क्रमांक चार आकडी हवा आणि सेंटरकडच्या नोंदीशी जुळायला हवा. लाइन तपासणी चालू ठेवा.

लाइन ट्रबल तेवढा घालवायचा आहे. तारेवर थोडं व्होल्टेज दिलं तर?

दिवा जाईल आणि पॅनल खुशाल बंद लाइनवर फोन लावत बसेल. त्यापेक्षा प्रोग्रॅमिंगमधून लाइन तपासणी बंद करा. तेवढाच उपयोग, आणि पुढे पॅनल उघडणाऱ्या माणसाची फसगत होत नाही.

लँडलाइन अजून चालू आहे. मोबाइल फक्त आधाराला हवा, तर?

मग डबी मध्ये बसते: बाहेरची लाइन डबीत, डबीतून पॅनलला. लाइनवर व्होल्टेज आहे तोवर ती पॅनलला खरी लाइन देते, गेलं की आतला रिले पॅनलला नकली लाइनवर नेतो. ऐकायला छान. पण लाइन मरण्याचे प्रकार बरेच आहेत. व्होल्टेज असतं, डायल टोन नसतो. किंवा दोन्ही असतात आणि कॉल लागत नाही. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या डबीला हे कळत नाही. पॅनलचे ठरावीक प्रयत्न फसले की मोबाइलकडे वळणारी डबी घ्या.

माझा कल उलटा आहे: मोबाइल पहिला, लँडलाइन आधाराला. लँडलाइनची तार घराबाहेर भिंतीवरून येते आणि ती कापायला साधी पक्कड पुरते.

वायरिंग करताना काय सांभाळायचं?

डबीचं पोर्ट आणि एक्स्चेंजची जिवंत लाइन एकाच जोडीवर कधीही येऊ देऊ नका. दोघंही वीज पुरवणारे, एकमेकांशी भांडतात आणि मार डबी खाते. बाहेरून घंटी आली तर ७५ ते ९० व्होल्ट एसी अंगावर येतात, डबीच्याही आणि तुमच्याही. लाइन बंद झाली असं कंपनीने सांगितलं तरी मीटर लावून बघा आणि बाहेरची जोडी घरात शिरते तिथेच सोडवा.

पॅनलला लाइन घराच्या फोनांच्या आधी मिळायला हवी, म्हणजे कोणी बोलत असलं तरी पॅनल त्यांना तोडून लाइन घेऊ शकतं. उत्तर अमेरिकेत यासाठी आरजे३१एक्स नावाचं आठ पिनांचं जॅक असतं: बाहेरची लाइन ४ आणि ५ वर, घरचे फोन १ आणि ८ वर, प्लग काढला की आतल्या पट्ट्या दोन्ही जोड्या जुळवतात. तिथे नकली लाइन जोडताना ती चुकून १ आणि ८ वरून घरभर जात नाही ना, हे पाहा. दोन तारांतली अदलाबदल बहुतेक पॅनलना चालते.

मोबाइल ब्लूटूथने जोडून घरचा जुना फोन वाजवणारी डबी असते. ती चालेल?

नाही. व्हॉइस कॉलच्या सगळ्या अडचणी आहेतच, वर ब्लूटूथची आणखी एक कोंबाकोंबी. आणि तुम्ही मोबाइल खिशात घालून बाहेर पडलात की अलार्मची लाइनही तुमच्याबरोबर बाहेर पडते.

हे सगळं घरी बनवता येईल?

येईल, आणि शिकायला फार चांगला प्रकल्प आहे. लाइनचा भाग तयार मॉड्यूलवर सोपवा. सिल्व्हरटेलचं एजी ११७१ असं एक आहे, ते पाच व्होल्टवरही चालतं, तारेला लागणारं व्होल्टेज स्वतः तयार करतं आणि रिसीव्हर उचलल्याची खूण एका पिनवर देतं. सूर ओळखायला एमटी ८८७० ही जुनी चिप अजून लोकप्रिय आहे, तिला ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. हँडशेक आणि पोच मायक्रोकंट्रोलरने वाजवायची. एक खाच लक्षात ठेवा: चिप शून्यासाठी १० देते, काँटॅक्ट आयडीतही पडताळणीत शून्य म्हणजे दहाच, तेवढं जुळतं. पण आकड्यांपलीकडच्या खुणांची नावं वेगळी आहेत. काँटॅक्ट आयडीत बी म्हणजे * आणि सी म्हणजे #, आणि डी, ई, एफ म्हणजे फोनच्या चौथ्या उभ्या रांगेतली ए, बी, सी ही बटणं. पडताळणीचा आकडा १५, म्हणजे एफ, आला की नेमकं सी हे बटण वाजतं. हे राहून गेलं तर बाकी सगळे निरोप नीट येतात आणि मधलाच एखादा पुन्हा पुन्हा फसतो. तो कुठे चुकतोय हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

सॉफ्टवेअरकडे ओढा असेल तर आणखी सोपा रस्ता आहे. एफएक्सएस पोर्टचा इंटरनेट फोन अडॅप्टर घ्या, घरच्याच छोट्या संगणकावर ॲस्टरिस्क नावाचं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर चालवा आणि त्यातलं अलार्मरिसीव्हर वापरा. ते काँटॅक्ट आयडी ओळखतं, हँडशेक आणि पोच देतं, निरोप फाइलमध्ये लिहितं आणि हवी ती आज्ञा चालवतं. मग निरोप मोबाइल मोडेमवरून पुढे पाठवायचा. अडॅप्टरवर कोडेक, म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत, जी.७११ च ठेवा, प्रतिध्वनी आणि शांतता दाबणाऱ्या सोयी बंद करा.

स्वतःच्या फोनवर खबर हवी असेल तर हे पुरतं. विम्याची अट किंवा दुसऱ्याचा जीव त्यावर असेल तर तयार आणि प्रमाणित डबी घ्या.

निरोप एसएमएसने पाठवला तर?

जोडीला ठीक. एसएमएस सहसा सेकंदांत येतो, पण नेटवर्क त्याच्या वेळेची हमी देत नाही, आणि ‘झोन ५ घरफोडी’ हे रात्री झोपेत कोण वाचणार?

बॅटरीवर किती भार पडतो?

पॅनलमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनल आणि सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर खात असतील तर कागदावर ३५ तास मिळतात. डबीने सरासरी १०० मिलिअँपिअर घेतले की २३ तासांवर येता, आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर आणखी खाली. नकली लाइन उचललेली असताना आणि मोडेम प्रक्षेपण करताना ओढ अचानक वाढते. टू-जी मोडेमचा क्षणिक झटका मॉड्यूलपाशी दोन अँपिअरपर्यंत जातो. पॅनलच्या सहायक आउटपुटची मर्यादा बघा आणि तार बारीक किंवा लांब नको. डबी निरोप पाठवायच्या ऐन वेळी रीसेट होते अशी तक्रार असेल तर आधी इथेच शोधा.

स्वतःचा अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून चालणारी, बॅटरी नसलेली डबी अलार्मच्या कामाची नाही.

रेंज किती असावी?

बऱ्याच डब्या ० ते ३१ असा आकडा देतात. त्याचं डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या जोराचं एकक, करायचं तर दुप्पट करून ११३ वजा करा: १० म्हणजे उणे ९३, २० म्हणजे उणे ७३. ९९ म्हणजे मोजताच आलं नाही. दहाच्या वर सतत राहात असेल तर काम भागतं. एकदा बघून सोडू नका, दिवसभरात पुन्हा बघा. अँटेना पॅनलच्या लोखंडी पेटीत ठेवू नका, बाहेर काढा.

डबी लावल्यापासून फोनवर डर्र-डर्र आवाज येतो.

टू-जीची खूण. जीएसएमचं प्रक्षेपण ठरावीक चौकटींत सुरू-बंद होतं, त्यातून २१७ हर्ट्झची गुणगुण जवळच्या तारांत उतरते. नकली लाइनवर ती उतरली तर सूर ओळखण्यात घोळ होतो. अँटेना लाइनच्या तारेपासून हातभर दूर न्या आणि पिळाची तार वापरा.

सिम कोणतं घ्यावं?

यंत्रांसाठी मिळणारं डेटा सिम, शक्यतो एकाहून जास्त नेटवर्कवर चालणारं. सिमचा पिन बंद करून घाला. सगळ्यात जास्त डब्या कशाने मुक्या होतात माहीत आहे? रिचार्ज संपल्याने. साधं प्रीपेड सिम असेल तर मुदत कोणाच्या तरी कॅलेंडरवर लिहिलेली असू द्या.

टू-जी किंवा थ्री-जीची डबी स्वस्तात मिळते आहे. घेऊ?

तुमच्याकडे ते नेटवर्क किती दिवस राहणार हे विचारल्याशिवाय नको. अमेरिकेत ॲनालॉग मोबाइल चालू ठेवण्याची सक्ती १८ फेब्रुवारी २००८ ला संपली तेव्हा त्यावर बसवलेले अलार्म बदलावे लागले. मग २०१६ अखेर एटी अँड टीचं टू-जी गेलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री-जी गेलं, आणि दोन्ही वेळा तीच धावपळ. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राचं थ्री-जी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. तांब्याच्या तारांचंही तेच: ब्रिटनमधलं जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हायचं होतं, ती मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. भिंतीवर बसवलेली डबी दहा वर्षं तरी कोणी काढत नाही, त्या हिशोबाने घ्या.

आमचं यंत्र सेंटरला काही पाठवत नाही, नुसता रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतं.

मग तुमचं काम सोपं आहे. मोबाइलचा कॉल बोलण्यासाठीच बनला आहे, त्यामुळे सिमवर चालणारं साधं टर्मिनल इथे छान चालतं. ‘ऐकलं, आता १ दाबा’ अशी सोय असेल तर तेवढी नीट तपासा, तो सूर उलट्या दिशेने यावा लागतो.

लाइनवरून घरातलं ऐकणं आणि दुरून प्रोग्रॅमिंग करणं चालू राहील?

डायलर कॅप्चरवर सहसा नाही. दोन्हींना सलग व्हॉइस कॉल लागतो, आणि इथे कॉलच होत नाही. काही पॅनलना प्रोग्रॅमिंगची वेगळी सिरियल तार असते, डबीला ती जोडता आली तर बघा.

चोराने जॅमर आणला तर?

सिग्नल दाबला जाईल. उपाय एकच, सेंटरने डबीची हजेरी घेत राहणं आणि ती चुकली की ओरडणं. युरोपच्या ईएन ५०१३६ मानकात एकाच मार्गाच्या जोडणीसाठी याच्या पायऱ्या आहेत. एसपी२ मध्ये मार्ग तुटल्याचं २५ तासांत कळलं तरी चालतं, एसपी४ मध्ये ३ मिनिटांत, एसपी६ मध्ये २० सेकंदांत कळावं लागतं. स्वस्त योजनेत हजेरी दिवसातून एकदाच असते. ती किती वेळाने घेतली जाते हे करारात लिहून घ्या.

बसवल्यावर तपासायचं कसं?

आधी सेंटरला फोन करून खातं टेस्टवर टाकायला सांगा, नाहीतर गाडी दारात येईल. मग एकेक झोन उघडा आणि झोन क्रमांक, घटना, पूर्ववत होणं, सगळं सेंटरच्या पडद्यावर काय दिसतंय ते वाचून घ्या. ‘आला’ एवढ्यावर सोडू नका, ‘काय आला’ ते विचारा. वीज काढा: ३०१, म्हणजे वीज गेल्याचा निरोप, यायला हवा. मग खरी परीक्षा: अँटेना सोडा आणि अलार्म वाजवा. पॅनल कीपॅडवर काही म्हणतं का? किती वेळाने? अँटेना परत लावल्यावर अडकलेला निरोप जातो का, आणि त्यावर वेळ मूळची असते की आत्ताची? लँडलाइन आधाराला असेल तर तीही सोडून बघा, आणि दोन्ही सोडूनही बघा. शेवटी रोजचा ६०२, म्हणजे आपोआप जाणारा टेस्ट रिपोर्ट, चालू करा.

फायर अलार्मला हेच लावता येईल?

घरच्या घरी तर नाहीच. आगीच्या पॅनलसाठी प्रमाणित कम्युनिकेटर, ठरावीक बॅटरी आणि स्थानिक अग्निशमन खात्याची मान्यता लागते. बऱ्याच ठिकाणी दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे असतात. लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनलाही हेच लागू, तिथे तर माणसाला माणसाशी बोलायचं असतं.

त्यापेक्षा नवं पॅनलच घ्यावं का?

आधी पॅनलचं माहितीपुस्तक उघडा. कीपॅडच्या चार तारांवर थेट बसणारा कम्युनिकेटर तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर नकली लाइनचा खटाटोप सोडा, तोच घ्या. त्यात सूर नाहीत, सोंग नाही, आणि निरोप पोचला की नाही हे पॅनलला थेट कळतं. तसा मिळत नसेल, पण सेन्सर आणि वायरिंग चांगलं असेल, तर डायलर कॅप्चर. पॅनलचे सुटे भागच मिळेनासे झाले असतील किंवा ते जुन्या पल्स पद्धतीशिवाय काही बोलतच नसेल, तर डबीवर खर्च करू नका. तारा आणि सेन्सर तसेच ठेवून फक्त पेटीतला बोर्ड बदला.